माथाडीला मंडळ आहे, पेशंटच्या बाईला का नाही?

खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं की चार-सहा दिवसांत डिस्चार्ज मिळतो. डॉक्टर जाता जाता सांगतात, ‘आता घरी न्या, एखादी बाई ठेवा.’ एवढ्या एका वाक्यावर मुंबईतल्या कितीतरी घरांची पुढची दोन-तीन वर्षं ठरतात. कसली बाई, किती तासांची, तिला काय काय यायला हवं, ती आजारी पडली तर कोण येणार, तिच्या हातून चूक झाली तर दाद कुठे मागायची, आजींना उचलताना तिचीच पाठ धरली तर तिचं काय, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. मग वॉर्डातली आया, खालचा केमिस्ट किंवा बिल्डिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप यांपैकी कुणीतरी घरी सेवेला बायका पुरवणाऱ्या एखाद्या ब्युरोचा नंबर देतं आणि संध्याकाळपर्यंत एक अनोळखी बाई घरात चप्पल काढून उभी असते. याला आपण घरपोच सेवेचा पर्याय निवडणं म्हणतो.

आईवडिलांना घरी सांभाळायचं की वृद्धाश्रमात ठेवायचं, या वादावर मराठीत भरपूर लिहून झालं आहे, नाटकं झाली, दिवाळी अंकांतल्या कथा झाल्या. त्यात घरी सांभाळणं म्हणजे संस्कार आणि वृद्धाश्रम म्हणजे पाप, असा हिशेब केव्हाच मांडून झाला. पण घरी सांभाळायचं ते कुणाच्या खांद्यांवर, हा प्रश्न त्या वादात कुणी धड विचारला नाही. पूर्वी ते खांदे सुनेचे होते, आता नालासोपाऱ्याहून किंवा कळव्याहून येणाऱ्या बाईचे आहेत. माझं म्हणणं असं, की हा कुटुंबाचा खासगी मामला राहिलेला नाही. मुंबईत हा एक मोठा रोजगार झाला आहे आणि त्याला ओझी उचलणाऱ्या माथाडी कामगारांना आहे तसं, पगार-रजेची जबाबदारी घेणारं मंडळ हवं. ते होत नाही तोवर आपण कितीही चौकशी करून बाई ठेवली, तरी म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला येणारी सेवा ही नशिबाचीच गोष्ट राहणार.

आधी गरज कशी ओळखायची ते बघू, कारण बहुतेक घरं इथेच पहिल्यांदा फसतात. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी 1963 साली एक साधं माप मांडलं. माणूस स्वतःची आंघोळ करू शकतो का, कपडे घालू शकतो का, संडासला जाऊ शकतो का, पलंगावरून उठून खुर्चीत बसू शकतो का, लघवी-शौचावर ताबा आहे का आणि स्वतःच्या हाताने जेवतो का. जगभरचे डॉक्टर आजही हेच सहा प्रश्न विचारतात. ही कामं साधारण एका क्रमाने सुटत जातात. आंघोळ आधी अडते, घास तोंडापर्यंत नेणं सगळ्यात शेवटी. म्हणजे आंघोळीला मदत लागणारे आजोबा आणि भरवावं लागणाऱ्या आजी यांना एकाच मापाची सेवा लागत नाही.

मुंबईच्या बाजारात मात्र मापं दोनच. बारा तास किंवा चोवीस तास. ज्यांना सकाळी तासभर आंघोळीला आणि रात्री तासभर झोपवायला माणूस हवं, त्यांनाही सकाळी आठ ते रात्री आठची बाई घ्यावी लागते. मग दुपारभर ती कोपऱ्यात मोबाइल बघत बसते आणि घरातले कुरकुरतात, ‘एवढे पैसे घेते आणि काही काम नाही.’ आजोबा पडतात ते मात्र रात्री दोन वाजता, लघवीला उठल्यावर, जेव्हा ती बदलापूरला पोचून झोपलेली असते. बाई शोधायच्या आधी संडासात भिंतीला दांडी बसवावी, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवावी, रात्रीचा लहान दिवा लावावा आणि दारादारातली सरकणारी पायपुसणी उचलून टाकावीत. बाईच्या एका महिन्याच्या पगारापेक्षा हे सगळं स्वस्त पडतं. पण आपण माणूस आणायला जेवढे तत्पर, तेवढे खिळा ठोकायला नाही.

दुसरा घोटाळा नर्स कुणाला म्हणायचं याचा. जीएनएम हा नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, एएनएम दोन वर्षांचा, आणि या दोघींची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. ब्युरो ‘सिस्टर पाठवतो’ म्हणून जिला पाठवतो, तिच्याकडे हा नोंदणी क्रमांक असेलच असं नाही. एखाद्या संस्थेचा काही आठवड्यांचा कोर्स असतो किंवा तोही नसतो. पांढरा कोट मात्र असतो. नाकातून नळी घातलेली असेल, लघवीची पिशवी असेल, जखमेचं ड्रेसिंग असेल, तर खरी नर्स हवी, भले ती दिवसातून एकदाच येऊन जाईल. नाकातली नळी सरकली आणि ते न कळता कुणी त्यातून पेज सोडली, तर ती फुप्फुसात जाऊ शकते. याउलट ज्यांना फक्त आधार, आंघोळ आणि सोबत लागते, त्यांच्या घरी नर्सचे पैसे मोजणं वाया. नोंदणी क्रमांक मागायला लोकांना संकोच वाटतो. रिक्षात बसताना मीटर बघायला वाटत नाही, इथे वाटतो.

पण कागदावर काही नसलेल्या बाईला काही येत नाही, असंही नाही. परळच्या एका जुन्या चाळीत ओळखीच्या आजी अंथरुणाला खिळल्या होत्या, अंगाने चांगल्या भारी. त्यांना एकटीने कुशीवर वळवणारी बाई मी बघितली आहे. तिने हाताला धरून ओढलं नाही. आधी आजींचा पलीकडचा गुडघा दुमडून पाऊल गादीवर टेकवलं, एक हात खांद्यामागे घातला, एक खुब्यावर ठेवला, म्हणाली, ‘आजी, माझ्याकडे बघा,’ आणि अंग आपसूक तिच्याकडे वळलं. मग मोबाइलचा टॉर्च लावून तिने माकडहाड बघितलं, टाचा बघितल्या. एके जागी लाली होती. तिच्यावर बोट दाबून सोडलं. दाबलं की पांढरी पडते आणि मग परत लाल होते, तोवर ठीक. दाबूनही लालच राहिली, तर शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झालं. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, डायपर ओला राहू द्यायचा नाही. हे सगळं तिने मला सांगितलं. कुठे शिकलात, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘आधीच्या पेशंटला झालं होतं.’

या व्यवसायाचं प्रशिक्षण असं चालतं. एका म्हाताऱ्याच्या अंगावर झालेली जखम पुढच्या म्हाताऱ्याच्या उपयोगी पडते. ज्या बाईला हे सगळं येतं तिला आणि काल पहिल्यांदाच कामाला लागलेल्या मुलीला ब्युरो एकाच दराने पाठवतो. आजच्या भावाने बारा तासांच्या ड्युटीचे महिन्याला वीस-पंचवीस हजार सहज जातात. त्यातले तिच्या हातात किती पडतात, हे घरच्यांना माहीत नसतं आणि तिने ते सांगू नये अशी ब्युरोची ताकीद असते.

ब्युरो म्हणजे काय हेही नीट बघायला हवं. बहुतेक ब्युरो म्हणजे एक गाळा, दोन मोबाइल आणि एक वही. नर्सिंग होमसाठी आपल्याकडे 1949 पासून नोंदणीचा कायदा आहे, पण तो जिथे खाटा आहेत त्या जागेला लागतो. ब्युरोकडे खाट नाही, ती तुमच्या घरात आहे. दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा राज्याचा कायदा असा आहे, की मोजकेच कामगार असतील तर मालकाने नुसती सूचना दिली तरी पुरतं. आणि ब्युरो ज्या पन्नास-शंभर बायका घरोघर पाठवतो त्या त्याच्या कामगार नसतातच. त्याच्या छापील करारात लिहिलेलं असतं, की आम्ही फक्त ओळख करून देतो. ओळख करून दिल्याबद्दल नोंदणीची फी वेगळी, बाईच्या रोजच्या पैशांतलं कमिशन वेगळं, आणि बाईला परस्पर कामावर ठेवलंत तर दंड वेगळा. हक्क सगळे मालकाचे आणि जबाबदारी आली की मध्यस्थ. ॲपवरून चालणाऱ्या नव्या कंपन्या आल्यात, त्यांच्या बाईला गणवेश असतो आणि बिल ईमेलवर येतं. पण पुष्कळदा बाई तीच असते, गेल्या वर्षी ती ब्युरोकडून यायची.

मग बहुतेक घरं एक युक्ती करतात, तीही मला सांगायला हवी. महिना-दीड महिना झाला, बाई बरी आहे असं पटलं, की तिला हळूच विचारायचं, ‘ब्युरो सोडता का? कमिशनचे पैसे निम्मे तुम्हाला, निम्मे आम्हाला.’ ती तयार होते. गणपतीपर्यंत सगळं छान चालतं. गणपतीला ती गावाला जाते, आठ दिवसांचे पंधरा होतात, आणि बदली पाठवायला आता ब्युरोही नसतो. घरातली नोकरी करणारी मुलगी किंवा सून रजा टाकून बसते. दोन्ही बाजूंनी पैसे वाचवून झालेले असतात आणि दोन्ही बाजू उघड्या पडलेल्या असतात.

चोवीस तासांच्या बाईची गोष्ट तर बोलायलाच नको अशी आहे. कारखान्यात 1948 पासून दिवसाला नऊ तासांची आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती. वन बीएचकेमध्ये आजींच्या पलंगाखाली चटई टाकून झोपणाऱ्या बाईला कुठलीही मर्यादा नाही. आजींना स्मृतिभ्रंश असेल, त्या रात्रीत चार वेळा उठून ‘मला माझ्या घरी जायचंय’ म्हणून दार उघडू बघत असतील, तर ही बाई झोपते कधी? तिसऱ्या आठवड्यात ती चिडकी होते, हात धरताना जरा जोरात धरला जातो, आणि मग घरात कॅमेरा बसतो. मुलगा न्यू जर्सीतून मोबाइलवर बघत असतो, बाई आईला नीट जेवायला घालते की नाही ते. त्याच कॅमेऱ्यात आईचा डायपर बदलतानाही दिसतो, हे त्याच्या लक्षात येत नाही आणि आईला कुणी विचारलेलं नसतं.

आईला विचारत नाहीत, हे जरा थांबून बोलण्यासारखं आहे. हॉलमध्ये मुलं-मुली-जावई बसून ठरवतात आणि आतल्या खोलीत ज्यांच्यासाठी ठरतंय त्या छताकडे बघत पडलेल्या असतात. पुष्कळ आजोबांना बाईच्या हातून आंघोळ नको असते, त्यांना ‘मामा’, म्हणजे पुरुष मदतनीस हवा असतो. आजींना दिवसभर समोर कुणी बसलेलं सोसत नाही. काहींना बोलायला माणूस हवं असतं आणि येणारीला मराठी येत नसतं. निवड या शब्दाला अर्थ असेल, तर पहिलं मत त्यांचं. पण त्यांच्या मताच्या नावाखाली दुसरंच काही चालतं, तेही लिहिलं पाहिजे. ‘आपल्यातली मिळेल का?’, ‘मांस-मच्छी खाणारी नको’, ‘मुसलमान नको’ असं ब्युरोला निर्धास्त सांगितलं जातं आणि ब्युरो ते वहीत लिहून घेतो. त्यामुळे काही बायका नाव बदलून कामाला येतात. जिच्या हातचं पाणी चालेल की नाही याचा खल होतो, तिने मळ काढलेला मात्र चालतो. कप तिचा वेगळा आणि लिफ्टही कुठे कुठे वेगळी.

पोलिसांकडे तिची पडताळणी करायची असते, आणि करावीच, कारण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत वाईट प्रकार घडलेले आहेत. पण ती ज्या घरात चालली आहे त्या घराची पडताळणी कुणी करत नाही. मेंदूच्या आजारात काही पुरुषांचं भान सुटतं, नको तिथे हात लावतात, आणि भान शाबूत असलेलेही लावतात. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरालाही कामाची जागा मानतो, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तिला तक्रार करता येते. तिला हे कोण सांगणार? ब्युरो सांगतो, ‘म्हातारं माणूस आहे, सांभाळून घे.’

आता सरकारकडे वळू. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा 2007 चा आहे. त्याने न्यायाधिकरणं आणली, मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळवायची सोय केली. पण तो कायदा मुलगा आणि बाप यांच्यामधला आहे, तिसऱ्या माणसाला, म्हणजे प्रत्यक्ष सेवा करणाऱ्याला, त्यात जागा नाही. 2019 साली लोकसभेत त्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं. त्यात घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा या दोन्ही गोष्टी होत्या. ते विधेयक कायदा झालंच नाही. 2024 मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतखाली पाच लाखांचं संरक्षण मिळालं, चांगलं झालं, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. म्हणजे शय्याव्रण चिघळून आयसीयूत गेलात तर सरकार खर्च करेल, ते होऊ नये म्हणून कूस बदलणाऱ्या बाईसाठी करणार नाही. खासगी विमाही बहुतांशी याच चालीचा.

आपल्या राज्यात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. पण ते मंडळ नोंदणीचं आणि मदतीचं. बाई आणि घर यांच्या मध्ये उभं राहून पगार, तास, सुट्टी, बदली याची जबाबदारी ते घेत नाही. छत्तीसगडने 2013 मध्ये आणि झारखंडने 2016 मध्ये घरकामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सींवर नियंत्रणाचे कायदे केले. ज्या राज्यांतून मुली बाहेर कामाला पाठवल्या जातात त्यांना जाग आली. मुली येतात ती शहरं अजून घोरत आहेत. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमण्याचा आदेश केंद्राला दिला. पण महाराष्ट्राने दिल्लीकडे डोळे लावून बसायचं कारणच नाही. उत्तर आपल्या घरात पन्नासहून अधिक वर्षं पडून आहे.

1969 साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांसाठी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी मशीद बंदरच्या आणि बाजारपेठांच्या हमालांना उभं केलं, त्याचं हे फळ. तेव्हाही मालक म्हणायचे, हा माणूस आमचा नोकर नाही, आज या गाळ्यावर ओझं उचलतो, उद्या त्या. तेव्हाही मधे मुकादम होता आणि मजुरीचा मोठा हिस्सा त्याच्याकडे राहायचा. कायद्याने सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचं मंडळ केलं. माल कुणाचाही असो, मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा वर्गणी, मंडळात भरायची, मंडळ कामगाराला पगार देणार आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, औषधपाणी बघणार. 1981 मध्ये हीच रचना खासगी सुरक्षा रक्षकांसाठी आणली. आज मुंबईत कुठल्याही कार्यालयाला मंडळाकडून नोंदणीकृत रखवालदार मागवता येतो. दारावर बसणाऱ्याचं जे झालं, ते दाराच्या आत पलंगाशेजारी बसणारीचं का होऊ नये?

पेशंटची बाईही माथाडीसारखीच, अनेक मालकांची आणि कुणाचीच नाही अशी. पेशंट गेला की तिचं काम गेलं, अकरा वाजता देह उचलला की बारा वाजता ती बेकार. तिचं काम शब्दशः ओझं उचलण्याचं आहे आणि चाळिशीनंतर तिच्याही कमरेचं तेच होतं जे हमालाच्या होतं. मंडळ आलं तर तिची नोंद होईल, हातचं काम बघून दर्जा ठरेल, नवशिकीला आधी शिकवलं जाईल, दर्जाप्रमाणे दर मिळेल. घरच्यांना बदली मागायला हक्काचं ठिकाण असेल आणि तक्रार करायलाही. बाईलाही असेल.

पहिला आक्षेप येणार तो पैशांचा. लेव्ही लागली की बाई महाग होईल आणि आधीच मेटाकुटीला आलेला मध्यमवर्गीय मोडेल. चोवीस तासांची बाई महाग होईल हे खरं आहे आणि व्हायलाच हवी, कारण एका माणसाने चोवीस तास जागं राहायचं काम आज आपण एका माणसाच्या पैशात करून घेतोय. पण बारा तासांचं माप मंडळामुळे मोडता येईल, हे विसरू नये. ते माप आलं कुठून? बाई विरारहून येते, जाऊन-येऊन चार तास जातात, तिला दोन तासांचं काम परवडणार कसं? एका वॉर्डातली मागणी एका ठिकाणी गोळा झाली, तर तीच बाई सकाळी सहा ते दोन या वेळात एकाच गल्लीतल्या चार आजोबांच्या आंघोळी आटपेल. माथाडीची टोळी तरी वेगळं काय करते? ज्यांना दोन तासच हवेत त्यांनी दोन तासांचे, लेव्हीसकट, भरले तरी आजच्या निम्म्याहून कमी खर्चात भागेल. आयकरात साठीपुढच्या, विमा नसलेल्या माणसाच्या औषधोपचाराला पन्नास हजारांपर्यंत वजावट आहे, तीही जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यांना. मंडळाकडे भरलेल्या सेवेच्या पैशांना वजावट दिली, तर पावती मागणारेही वाढतील.

दुसरा आक्षेप भावनेचा. आमच्या आजीचं आम्ही घरीच केलं, बाहेरचं माणूस लागलं नाही. हे सांगणारे बहुतेक पुरुष असतात. त्यांच्या आजीचं केलं ते त्यांच्या आईने, पहाटेपासून, नोकरी किंवा झोप सोडून. तिची मेहनत फुकट होती म्हणून हिशेबात आली नाही. आजही बाई ठेवली तरी तिला सूचना देणं, डायपर संपलेत का बघणं, बाई आली नाही की रजा टाकणं हे घरातल्या बाईकडेच असतं, आणि मुलगा ऑनलाइन पैसे पाठवून मोकळा होतो.

तिसरा आक्षेप वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही. मंडळांच्या नावाखाली काय काय चालतं हे नवी मुंबईतल्या उद्योजकांना विचारा, असं म्हणतात. बोगस माथाडी, दमदाटी, न उचललेल्या मालाची मजुरी. या तक्रारी खऱ्या आहेत आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत अशी दमदाटी झाली तर ती जास्त भयंकर ठरेल. म्हणून माणूस निवडायचा आणि बदलायचा हक्क कुटुंबाचाच राहिला पाहिजे. मंडळाने ‘हीच घ्या’ म्हणता कामा नये. नोंदणी झालेल्या बायकांची यादी उघडी असावी, दर जाहीर असावेत आणि मंडळाच्या तिसऱ्या पायावर नुसता मालकांचा प्रतिनिधी न बसवता ज्येष्ठ नागरिक संघांची माणसं बसवावीत. दादर-पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत हे संघ आहेत. कोजागिरी आणि सहली उत्तम करतात. त्यांनी हेही अंगावर घ्यावं. खंडणीच्या भीतीने मंडळच नको म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की ब्युरो आज जे घेतो तेही तिच्या कमाईतूनच जातं आणि त्याची कुठे तक्रारही करता येत नाही.

या सगळ्यात ज्यांना एक रुपयाही भरता येणार नाही त्यांचं काय? गिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाला भविष्यनिर्वाह योजनेचं किमान निवृत्तिवेतन महिन्याला हजार रुपये मिळतं. श्रावणबाळ योजनेत दीड हजार. यांच्यासाठी मंडळ पुरणार नाही, महापालिकाच लागेल. केरळने 2008 मध्ये उपशामक सेवेचं, म्हणजे बरं न होणाऱ्या दुखण्यातला त्रास कमी करण्याचं धोरण आणलं आणि स्थानिक संस्थांमार्फत अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नर्स जाऊ लागली. कोझिकोडच्या डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेल्या कामाचं ते सरकारी रूप. मुंबईत टाटा रुग्णालयाचं पथक कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी जातं, त्यांच्या अखेरच्या दिवसांसाठी वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन आहे, पण पक्षाघात झालेल्या किंवा नुसतं वय झालेल्या माणसाच्या दारात सरकारी नर्स सहसा येत नाही. दारात यायला सरकारला जमत नाही असं नाही. 2024 च्या निवडणुकीत पंचाऐंशीच्या पुढच्या मतदारांच्या घरी मतपत्रिका घेऊन अधिकारी आले, लिफ्ट नसलेले जिने चढून आले. हयातीचा दाखला घ्यायला पोस्टमन येतो. मत द्यायला आणि जिवंत आहात हे सांगायला जर घरपोच सोय होते, तर आठवड्यातून एकदा रक्तदाब बघून टाच तपासायला का होऊ नये?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरापुरतं एवढं करता येतं: जिला ठेवलंत तिच्याशी साध्या मराठीत किंवा हिंदीत कागद करा, आठवड्याची सुट्टी आणि तिच्या सुट्टीतली बदली आधीच ठरवा, काय करायचं आणि काय करायचं नाही ते लिहा. एक वही पलंगाशेजारी ठेवा, त्यात लघवी, शौच, साखर, औषध आणि किती वाजता कूस बदलली ते ती लिहील. लिहिता येत नसेल तर खुणा करेल. वयोवृद्धांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, तो नंबर त्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

आणि गृहनिर्माण संस्थांनी तर वाट बघायचं काहीच कारण नाही. जुन्या इमारतीत, मुलं पुण्याला किंवा परदेशात गेलेल्या, प्रत्येक मजल्यावर एखादं तरी म्हातारं दार असतं. संस्था रखवालदार ठेवते, त्याचे पैसे सगळे मिळून देतात. तसंच सहा-सात घरांनी मिळून दोन पाळ्यांच्या दोन बायका ठेवल्या, तर कुणालाच बारा तासांचे पैसे भरावे लागणार नाहीत आणि रात्रीही हाक मारायला कुणीतरी असेल. त्यांना कपडे बदलायला, डबा खायला, पाठ टेकायला तळमजल्यावर एक खोली आणि संडास लागेल. सध्या दादर, गिरगाव, परळ, पार्ले सगळीकडे पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. बिल्डरकडे जिम मागतात, पोडियमवर बाग मागतात, वाढीव कार्पेट मागतात. अशी एक खोली करारात लिहून घ्यायला बिल्डरला फारसं जड जाणार नाही. जड जाईल ते सभेत, ‘कामवाल्यांसाठी खोली कशाला?’ असं विचारणाऱ्या सभासदांना.